मॅप सरळ दाखवतोय आणि ट्रक बारीक रस्त्यात घुसलाय? काय तपासायचं, कुठे थांबायचं

"शेठ, मॅप तर सरळच दाखवतोय, पण रस्ता बारीक होत चाललाय."

हा फोन मला सहसा रात्री आठ ते अकराच्या दरम्यान येतो. स्वतः सोळा वर्षं स्टेअरिंगवर काढली, आता शिरवळमधून चार गाड्या चालवतो. ओळखीच्या दोन-तीन मालकांचे ड्रायव्हरही अडले की मलाच फोन लावतात. एकच बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकलं की दुसरं मीच बोलतो. बिघाड गाडीत नसतो, आणि बहुतेक वेळा फोनमध्येही नसतो. फोनला वाटत असतं आपण मोटार चालवतोय, कधी कधी तर मोटारसायकल. बुडाखाली दहा टायर आणि साडेअठ्ठावीस टन आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि सांगायची सोयही नाही. आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये जो गूगल मॅप असतो त्यात मोटार आहे, दुचाकी आहे, बस-रेल्वे आहे, पायी आहे, ट्रक नाही. ट्रकची उंची-वजन विचारून रस्ता देणारी पैशाची ॲप मिळतात, पण गावाकडच्या पुलाची कमान किती उंच आहे ही माहिती मुळात कुणी भरलेलीच नसेल तर ती तरी कुठून सांगणार?

लक्षणं

यातलं एक दिसलं तर लक्ष ठेवा, दोन दिसली तर गाडी बाजूला घ्या.

निघताना मॅपने नेहमीच्या रस्त्यापेक्षा तीस-चाळीस किलोमीटर कमी दाखवले. हे सगळ्यात पहिलं लक्षण, आणि यालाच माणूस सगळ्यात जास्त खूश होतो.

रस्त्याच्या मधली पांढरी रेघ गायब झाली. डांबर आहे, पण समोरून टेम्पो आला तर दोघांपैकी एकाला मातीत उतरावं लागतंय.

किलोमीटरच्या दगडाचं डोकं बदललं. पिवळं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्य महामार्ग, काळं किंवा निळं म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, केशरी म्हणजे गावाचा. पिवळ्यावरून हिरव्यावर आलात तर काळजी नाही. केशरी दिसलं की त्या गावात तुमचा माल उतरायचा असेल तरच पुढे जा.

झाडाच्या फांद्या ताडपत्रीला घासायला लागल्या. याचा अर्थ या रस्त्यावरून तुमच्या उंचीचं वाहन रोज जात नाही. जात असतं तर फांद्या आधीच मोडलेल्या असत्या.

मॅपमधली बाई एक तर गप्प झाली, नाहीतर दर दोन मिनिटांनी नवा रस्ता शोधतेय. निळा ठिपका सर्व्हिस रोडवर आणि तुम्ही पुलावर.

शेवटचं: पोहोचलात, पण समोर कंपनीची मागची भिंत आहे. किंवा गाव बरोबर आहे, पण जिल्हा दुसराच.

फुकटातलं तपासणं: फोनच्या दोन सेटिंग

गाडी बाजूला लावा, हँडब्रेक ओढा, मगच फोन हातात घ्या.

सगळ्यात आधी बघा, वर मोटारीचं चित्र निवडलंय की मोटारसायकलचं. हसू नका. माझ्याकडे आलेल्या फोनांत हे कारण वारंवार निघालंय. ड्रायव्हर सुट्टीवर गावी जातो, भावाच्या मोटारसायकलवरून सासुरवाडीला जाताना मॅप लावतो आणि ते तसंच राहतं. दुचाकीचा पर्याय गूगलने २०१७ च्या डिसेंबरमध्ये भारतातच पहिल्यांदा आणला, आणि दुचाकीसाठी तो चांगलाच आहे: गल्लीबोळ, बांधावरचे रस्ते, सगळं दाखवतो. ट्रकला तेच नडतं.

दुसरं सेटिंग 'टोल टाळा'. कुणीतरी ते एकदा चालू करतं आणि विसरतं. मग फोन इमानेइतबारे तुम्हाला प्रत्येक टोलनाक्याच्या आधी महामार्गावरून खाली उतरवतो आणि गावातून फिरवून आणतो. वाचलेल्या टोलपेक्षा जास्त डिझेल जातं, आणि गावातल्या वायरी हौद्यावरच्या मालाला लागायची भीती वेगळीच. तेही बंद करा. 'महामार्ग टाळा' असंही एक बटण तिथेच असतं, त्याच्यावरही एक नजर टाका.

ठिपका भलतीकडे दिसत असेल तर बॅटरी वाचवायची सोय चालू आहे का ते बघा; ती जागा वरचेवर तपासू देत नाही. उन्हात काचेला टेकवलेला फोन तापून मंद होतो, तोही थोडा सावलीत घ्या. मात्र उड्डाणपूल आणि त्याच्या खालचा सर्व्हिस रोड यांतला फरक चांगल्या फोनलाही नीट कळत नाही, कारण वरून बघितलं तर दोन्ही जागा एकच. तिथे बाईचं ऐकू नका, पाटी वाचा.

अजून एक गैरसमज. "रेंज गेली म्हणून जीपीएस गेलं" असं म्हणतात. जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही, त्याचे सिग्नल थेट उपग्रहाकडून येतात. रेंज गेल्यावर जातं ते नकाशाचं चित्र आणि नवा रस्ता शोधणं. म्हणून घाटाखाली रेंज आहे तोवर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. पैसे लागत नाहीत, चहा पिईपर्यंत होतं.

पत्ता: एका फोनचा खर्च

मलकापूर म्हटलं की कुठलं? बुलढाणा जिल्ह्यात एक, कराडला चिकटून एक आणि आंब्याच्या घाटाआधी शाहूवाडी तालुक्यात एक. खेड पुणे जिल्ह्यातही आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही. शिरूर पुण्यात, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातुरात. कारंजा, सेलू, आष्टी, मालेगाव... ही यादी संपायची नाही. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, नुसतं गाव लिहिलेलं असेल तर गाडी हलवू नका. तालुका, जिल्हा आणि पिनकोड, तिन्ही जुळल्याशिवाय मॅपमध्ये काही टाकायचं नाही. त्यात बिल्टीवर अजून औरंगाबाद-उस्मानाबाद-अहमदनगर छापलेलं असतं आणि पाटीवर छत्रपती संभाजीनगर-धाराशिव-अहिल्यानगर. नव्या पोराचा यात गोंधळ होतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

यानंतर कंपनीच्या ऑफिसात नाही, गेटवरच्या वॉचमनला फोन लावायचा. ऑफिसातली मंडळी ऑफिसचं लोकेशन पाठवतात, तिथे मोटारी लागतात. वॉचमनला विचारायचं, "मालाचं गेट कुठल्या रस्त्याला आहे, आणि कालची मोठी गाडी कुठून आली होती?" हा दुसरा प्रश्न सोन्याचा आहे. ज्या रस्त्याने काल बारा टायर आली, त्या रस्त्याने आज आपली जाईल.

मॅपला वेसण घालणं

नुसतं 'शिरवळ ते महाड' असं टाकलंत की मॅप भोरवरून वरंधा घाट दाखवणार. अंतर साधारण शंभराच्या आत. मोटारीने जायला झकास, नीरा देवघरच्या पाण्याकडेने रस्ता जातो, फोटो काढण्यासारखा. पण मोठ्या गाडीला त्या वळणांवर जागा कुठे आहे? पावसाळ्यात तर दरडींमुळे हा घाट अवजड वाहनांना वारंवार बंद केला जातो. आमच्या गाड्या उलट पुण्याकडे येतात आणि चांदणी चौक, पिरंगुट, ताम्हिणी करत माणगावला उतरून महाडला जातात. अंतर जवळजवळ दुप्पट. नव्या ड्रायव्हरला हे पटत नाही, आणि त्याचंही चुकत नाही, कारण फोन त्याला तासांचा हिशोब दाखवत असतो.

उपाय सोपा. मधले थांबे टाका: पिरंगुट, मुळशी, माणगाव. थांबे टाकले की मॅप त्या रस्त्याला बांधला जातो. नाहीतर चालता चालता 'यापेक्षा लवकर पोहोचाल' असं दाखवतो, आणि तुम्ही नको म्हटलं नाही तर स्वतःच वळवतो. गिअर टाकत असलेला माणूस नको म्हणायला हात कुठून आणणार?

वेळेचंही तसंच. मॅपची वेळ मोटारीची असते, आपल्याला स्पीड गव्हर्नर ऐंशीच्या वर जाऊ देत नाही. मी सपाटीला मॅपच्या वेळेची दीडपट आणि घाटाला दुप्पट धरतो. मालकाने पार्टीला, म्हणजे मालाच्या गिऱ्हाइकाला, वेळ सांगतानाही हेच धरावं. ड्रायव्हर शॉर्टकटला जातो तो हौसेने नाही, "अजून किती वेळ?" या फोनला कंटाळून जातो. हे मी मालक झाल्यावर विसरलो होतो. एकदा क्रेनचं बिल भरल्यावर आठवलं.

दोनशे-तीनशे रुपयांचा कागद

आता ज्यावरून ढाब्यावर भांडणं होतात तो विषय. जुने म्हणतात कागदाचा नकाशाच खरा, पोरं म्हणतात तो रद्दीत घाला. मी दोन्ही वापरतो, पण एकाच कामाला नाही.

फोनवर रस्ता बघताना चार बोटांएवढी खिडकी असते. जवळ आणलं तर पुढचं वळण दिसतं पण मुलूख दिसत नाही; लांब नेलं तर मुलूख दिसतो पण बारीक आणि मोठा रस्ता सारखाच निळा दिसतो. कागदावर महामार्ग जाड आणि गावरस्ता केसाएवढा. सह्याद्री उभा पसरलेला दिसतो, त्याला छेद देणारे घाट मोजता येतात: कसारा, माळशेज, बोरघाट, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली. कोकणात उतरायचं तर यांतलाच एखादा निवडायचा, आणि एक बंद असला तर शेजारचा कुठला हे कागद एका नजरेत सांगतो. फोनला हे विचारायला आधी बंद असल्याचं त्याला माहीत असावं लागतं.

माझ्या उस्तादाला वाचायला फारसं यायचं नाही. तरी तो निघायच्या आधी मला बसवून सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला गावांची नावं एकाखाली एक लिहायला लावायचा, जिथे वळायचं त्या गावाखाली दोन रेघा, आणि ते पाकीट डॅशबोर्डच्या फटीत उभं खोचायचा. मी आजही ड्रायव्हरला तेच देतो. फक्त पाकिटाऐवजी टायरच्या लेबलाचा पुठ्ठा, आणि मार्करने मोठी अक्षरं. रात्री केबिनचा दिवा न लावता वाचता आलं पाहिजे. फोन काही बोलला आणि ते गाव पुठ्ठ्यावर नसेल, तर थांबून मला फोन करायचा, एवढा एकच नियम.

पण कागदानेही मला फसवलंय, तेही सांगतो. माझा जुना रोड ॲटलस अजून पुणे-कोल्हापूर रस्त्याला चार नंबर म्हणतो आणि मुंबई-गोव्याला सतरा. हे नंबर २०१० मध्ये बदलले: चारचा अठ्ठेचाळीस झाला, सतराचा सहासष्ट, सोलापूर-धुळ्याच्या दोनशे अकराचा बावन्न. जुने ड्रायव्हर अजून जुनेच नंबर बोलतात, पाटीवर नवे असतात. त्या ॲटलसमध्ये समृद्धी महामार्ग नाही, तो नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि मुंबईकडचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये. बायपास तर निम्मे नाहीत. एकदा त्यातली जाड रेघ बघून मी नदीपर्यंत गेलो आणि तिथे पूल खचून बंद होता. सहा किलोमीटर मागे फिरून आलो, कागदाला शिव्या घालत. तेव्हा जुना कागद मुलूख समजायला वापरा. रस्ता आज चालू आहे का हे त्याला विचारू नका. शक्य असेल तर नवी आवृत्ती घ्या आणि जुन्यावर पेनने नवे नंबर लिहून काढा. अर्धा दिवस जातो. पावसाळ्यात करायला बरं काम.

टेप घेऊन गाडी मोजा

हे फार कमी लोक करतात. कागदावरची उंची वेगळी आणि माल भरून रस्सा आवळल्यावरची वेगळी. साध्या मालगाडीला ४ मीटरपर्यंत परवानगी आहे, पण रिकामे ड्रम, कापूस, भुसा असा हलका माल भरला की वरचा थर कधी डोकं काढतो कळत नाही. माल भरून झाला की जमिनीपासून सगळ्यात उंच ठिकाणापर्यंत टेप लावा आणि आकडा त्याच पुठ्ठ्यावर लिहा. रेल्वे फाटकाआधीची आडवी कमान ४.६७ मीटरवर असते, कारण तिच्या पलीकडे विजेची तार आहे. पण शहरातले बोगदे आणि रेल्वेखालचे जुने पूल त्याहून बरेच ठेंगणे असतात, आणि पाटीवरचा आकडा नवीन डांबराचा थर पडायच्या आधीचा असू शकतो. किन्नराला, म्हणजे गाडीवरच्या क्लीनरला, खाली उतरवून बघायला लावा.

रुंदीचं गणित तर तोंडी होतं. गावाकडचा एकेरी रस्ता ३.७५ मीटरचा. ट्रक २.६ मीटरपर्यंत, वर आरसे. समोरून तसाच दुसरा आला तर दोघांचे मिळून पाच मीटरच्या वर. म्हणजे कुणालातरी रिव्हर्स घ्यावा लागणार, आणि मागे एसटी असेल तर तो कुणी घ्यायचा यावर पंचायत बसणार.

माणसाला विचारणं, पण कुणाला?

"रस्ता जातो का?" असं मोटारसायकलवाल्याला विचारलं तर तो म्हणणार, "जातो की!" तो खोटं बोलत नाही. त्याचा रस्ता जातोच. प्रश्न असा विचारा: "दहा टायर माल भरून शेवटची कधी गेलेली बघितली?"

एसटीचा ड्रायव्हर सगळ्यात भरवशाचा, पण त्याचं उत्तर नीट समजून घ्या. एसटी जाते म्हणजे वळण बसतं, कारण तिची लांबी आपल्या जवळपास आहे. पुलाला वजन पेलवतं का, हे त्यावरून कळत नाही. ती आपल्यापेक्षा खूप हलकी. दुधाचा टँकर किंवा भरलेला उसाचा ट्रक त्या रस्त्याने जात असेल तर वजनाचीही शंका मिटते. पेट्रोल पंपावरचा माणूस तिसरा, त्याला निदान बंद घाटाची खबर असते. आणि विचारताना "मामा, जरा रस्ता सांगता का" म्हणून खाली उतरून विचारा. केबिनमधून ओरडून विचारलं की तुटक उत्तर मिळतं.

आत शिरलातच तर

इथून पुढे स्वस्त काही नाही.

गेल्या वर्षी आमची गाडी रिकामे ड्रम घेऊन महाडच्या एमआयडीसीला निघाली होती. ड्रायव्हर नवा, फोन दुचाकीवर. भोर ओलांडून हिर्डोशीच्या पुढे गेल्यावर त्याचा फोन आला, तोच, 'रस्ता बारीक होत चाललाय'. मी विचारलं, रेंज किती दांड्या? म्हणाला, एक. म्हटलं, मग आता एक फूटही पुढे नाही. डावीकडे एसटी फिरते तेवढी जागा होती. तिथे त्याने रात्रभर गाडी ठेवली, सकाळी किन्नराला मागे उभं करून फिरवली आणि माघारी आला. नुकसान एका रात्रीचं आणि डिझेलचं. घाटाच्या वळणात गेला असता तर सकाळी दोन्ही बाजूंना रांगा लागल्या असत्या.

तो वाचला कारण फिरायला जागा होती तिथेच थांबला. म्हणून पहिल्या शंकेला थांबा, तिसऱ्या नाही. रात्री घाटात रिव्हर्स नाही. चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क असतो, तुम्ही उतरत असाल तर तुम्हीच थांबायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल तर मुळीच नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर स्वतः काही करायचं नाही, मदत बोलवायची:

- एक जरी चाक साइडपट्टी सोडून खाली गेलं असेल. "थोडा रेस देऊन काढतो" म्हणणाऱ्याच्या हातातून चावी काढून घ्या. माती ओली असेल तर गाडी पुढे नाही, आडवी जाते.
- ब्रेकचा जळका वास किंवा चाकातून धूर येतोय. चाकांना दगड लावा, थंड होऊ द्या, ब्रेक मेकॅनिकने बघितल्याशिवाय उतार नाही. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका.
- मालाला विजेची तार लागलीय. केबिनमध्येच बसून राहा, कुणाला गाडीला हात लावू देऊ नका, वीज मंडळाला फोन लावून लाइन बंद करायला सांगा.
- फरशी पुलावरून पाणी वाहतंय. किती का थोडं असेना. महाडचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला तेव्हा अंधारात येणाऱ्यांना पूल नाही हे दिसलंच नाही. कुठल्याही मॅपला ते त्या रात्री कळणार नव्हतं.
- माल केमिकलचा किंवा गॅसचा आहे आणि गाडी कलली आहे. माणसं लांब न्या, मगच फोन.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, बाकी कुठेही ११२. पोलिसांना लपवून क्रेन बोलावण्यात शहाणपण नाही. घाट बंद करायचा अधिकार त्यांचा, आणि वाहतूक थांबल्याशिवाय क्रेन काम करू शकत नाही. गावातला जेसीबीवाला साखळी बांधून ओढायला तयार होईल, माणुसकीनेच होईल. रिकामी गाडी सपाटीला असेल तर ठीक. भरलेली, कललेली गाडी असेल तर अवजड वाहनं काढणारी क्रेनच हवी, आणि आधी माल दुसऱ्या गाडीत घ्यावा लागेल हे धरून चाला.

या धावपळीत ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद, विसरतं. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. ती संपायच्या आधीचे आठ तास किंवा नंतरचे आठ तास, एवढ्यातच वाढवता येते. गाडी अडकल्याचं कळल्याबरोबर मालकाने हे काम स्वतःकडे घ्यावं, ड्रायव्हरला त्या रात्री दुसरी कामं आहेत.

गाडी निघाली की लगेच माल पोहोचवायला पळवू नका. टायरच्या कडा, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि टायरॉड (स्टेअरिंगचा दांडा) मेकॅनिकला दाखवा. आणि निघताना तो फोन घ्या, वर मोटारसायकलचं चित्र असेल तर बदला.